तांदळाचा पांढरा

वारली चित्राचा रंग कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण पांढरा म्हणतील. कुडाच्या भिंतीजवळ जाऊन बघितलं तर तो पांढरा नसतोच. निवलेल्या पेजेचा असतो तसा, किंचित पिवळसर, उबदार. आपल्याकडे अशा रंगांना बदामी, मोतिया, हस्तिदंती अशी नावं आहेत. ज्या तांदळापासून हा होतो त्याचं नाव मात्र माझ्या हाती आलेल्या एकाही शेडकार्डात नव्हतं.

वारल्यांच्या या भिंती जव्हार-मोखाड्याकडच्या. हा सगळा डोंगरउताराचा मुलूख, नागली आणि वरईचा. भात होतो तो खाचरांत, ओहोळाच्या कडेकडेनं. त्यामुळे भिंतीवर तांदूळ फासणं ही इथे साधी गोष्ट नाही. खाण्यातला चांगला वाटा काढून भिंतीला दिलेला असतो. भिंतीचा तपकिरी आणि रेषेचा पांढरा बघताना मला नेहमी नागलीची भाकर आणि शेजारी वाढलेला भात आठवतो. ही आपली माझी समजूत, कलेच्या पुस्तकात शोधू नका.

कृती सोपी वाटते. तांदूळ भिजवायचे, पाट्यावर वाटायचे, पाणी घालून सैल करायचे, जरासा डिंक. बांबूच्या काडीचं टोक चावून चावून त्याचे तंतू मोकळे केले की कुंचला तयार. रंगाचा उबदारपणा येतो तो कांडण्यातून. उखळात कांडलेल्या दाण्यावर कोंड्याचा पातळ पदर राहतो आणि तोच वाटणात उतरतो. गिरणीतून पॉलिश होऊन आलेल्या तांदळाचं वाटण जास्त पांढरं होतं आणि जरा फिकं दिसतं.

हा रंग भिंतीवर आला तो लग्नासाठी. घरात लग्न निघालं की सवाशिणी चौक लिहितात. चौक काढत नाहीत, लिहितात. मधोमध पालघट देवी, बाजूला घोड्यावरचा पंचशिऱ्या, भोवती बारीक नक्षीच्या चौकटीवर चौकटी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. पांढऱ्याच्या सोबतीला हळदीकुंकवाचे ठिपके, बास. पर्यटनाच्या पत्रकांत या कलेचं वय हजारांनी मोजलेलं असतं. शेणामातीनं दर वर्षी सारवल्या जाणाऱ्या भिंतीवर एवढा जुना पुरावा कुठे टिकणार, हा प्रश्न पत्रक लिहिणाऱ्याला पडत नसावा.

रंग हाताशी नव्हते म्हणून मोजकेच वापरले, हे म्हणणं मला पटत नाही. याच जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. त्यातले देवादैत्यांचे मुखवटे बघा: लाल, पिवळे, निळे, डोळ्यांत भरणारे. भडक रंगांचं वावडं कुणाला नव्हतं. चौकाचा मेळ वेगळा बसवलेला आहे, आणि तो या एका मवाळ पांढऱ्याभोवती.

हा मेळ कसा साधतो, याचं उत्तर लांब सापडतं. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात मिशेल शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. विणलेल्या चित्रांतला काळा फिका दिसतो अशा तक्रारी यायच्या. शोधता शोधता त्याला कळलं की दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे. 1839 साली त्यानं यावर जाडजूड ग्रंथच छापला. सांगणं एवढंच की शेजारचा रंग बघणाऱ्याच्या डोळ्याला आपल्यापासून उलट दिशेला ढकलतो. गेरूच्या तांबूस भिंतीवर पेजेच्या रंगाचा पिवळसरपणा असा मरतो आणि रेघ लख्ख पांढरी दिसते. तीच रेघ कोऱ्या पांढऱ्या कागदावर मळकी वाटते. शेणाच्या सारवणावर, त्या हिरवट तपकिरीवर, ती शांत होते. कोळशाच्या काळ्यावर तिचा पिवळेपणा उघडा पडतो. गेरू, शेण, कोळसा, तिन्ही घरातले किंवा अंगणातले. कशावर काय खुलतं हे सवाशिणींनी भिंतीवरच ताडून पाहिलं असणार.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांत कागद आणि रंग घेऊन पोचले. गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नाची वाट न बघता रोज चित्र काढू लागले, तेही पुरुष असून. पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कापडावरच्या कामात शेणाची जमीन दिसते. भिंत मागे राहिली, पण भिंतीचा रंग त्यांनी सोबत आणला.

पांढऱ्याचं मात्र तसं झालं नाही. तांदळाच्या खळीला कसर लागते, मुंग्या येतात, घडी पडली की पापुद्रे सुटतात. विकायच्या चित्राला हे परवडत नाही. मग बाटलीतला पांढरा आला, टायटॅनियमचा. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या कारखान्यांनी तो गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बाजारात आणला. टिकाऊ, झाकणारा आणि थंड. गेरूवर तो इतका ओरडतो की मागची जमीन विटकरी वाटायला लागते. चित्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाला पांढराशुभ्रच हवा असतो.

मी एकदा घरी बाटलीतल्या पांढऱ्यात पिवळ्या मातीचा कण कण घालून पाहिला. चौथ्या-पाचव्या खेपेला रंग जवळपास जुळला. रेघ मात्र जुळेना. तांदळाचं वाटण ओलं असताना जवळजवळ दिसतच नाही, भिंत फक्त भिजल्यासारखी दिसते. वाळेल तसा पांढरा वर येतो. म्हणजे चौक लिहिणाऱ्या बाईला काडीच्या टोकाशी आपली रेघ धड दिसत नसते. ती उमटेपर्यंत हात दोन वीत पुढे गेलेला असतो.