४२.३४ मीटर

हॅम रेडिओच्या परवान्यासाठी जे नियम घोकावे लागतात, त्यांतला एक अगदी मूलभूत आहे: आपण दुसऱ्या हॅमशी बोलायचं, जगाला उद्देशून काही प्रसारित करायचं नाही. बातम्या नाहीत, गाणी नाहीत, राजकारण तर नाहीच. आणि भारतातल्या हौशी रेडिओचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे नेमकी ही तिन्ही पथ्यं मोडणारं काँग्रेस रेडिओ!

१९३९मध्ये महायुद्ध सुरू झालं, तसे सरकारनं हौशी परवाने रद्द केले आणि ट्रान्समीटर जमा करायला लावले. पण ते जुळवायचे कसे हे ज्यांना ठाऊक होतं, ती माणसं शहरातच होती. त्यांतले एक नरीमन प्रिंटर. हॅम मंडळींच्या इतिहासात ते व्हीयू२एफयू या कॉलसाइनसह येतात.

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी यांनी रेडिओ केंद्र काढायचं ठरवलं. ट्रान्समीटर प्रिंटर यांनी जुळवला, शिकागो रेडिओच्या नानिक मोटवानींनी सामग्रीची मदत केली. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं. उद्घोषणेत ४२.३४ मीटर ही तरंगलांबी सांगितली होती. ठिकाण मात्र 'भारतात कुठंतरी' एवढंच. प्रत्यक्षात ते चौपाटीवर होतं.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. ३००ला ४२.३४नं भागा, सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. म्हणजे हॅमचा चाळीस मीटर बँड! आजही रविवारी सकाळी तिथं कुणीतरी कुणालातरी सिग्नलचा रिपोर्ट आणि गावचं हवामान सांगत असतं. ही जागा हॅमच्या सवयीनंच निवडली असणार, असा माझा तर्क आहे. तिथल्या अर्ध्या तरंगलांबीच्या एरियलला वीस-एकवीस मीटर तार पुरते, ती इमारतीच्या गच्चीवर मावते. दिवसा आवाज काही शे किलोमीटर जातो, अंधार पडला की त्याच्या कितीतरी पुढे. शिवाय शॉर्टवेव्हच्या घरगुती संचावर शेजारीच ४१ मीटरचा प्रसारण बँड असतो, त्यामुळे काटा थोडा सरकवला की केंद्र सापडावं. चिमूर आणि आष्टीत काय घडलं, हे वर्तमानपत्रांत येत नव्हतं तेव्हा ते या केंद्रानं सांगितलं.

पण जो सिग्नल श्रोत्याला ऐकू येतो, तो पोलिसांनाही येतो. लूप एरियल फिरवत गेलं की एका कोनात आवाज अगदी क्षीण होतो आणि त्यावरून दिशा कळते. असं दोन ठिकाणांहून केलं की नकाशावर दोन रेषा छेदतात. यावर उपाय एकच, थोडा वेळ बोलायचं आणि जागा बदलायची. लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेख वाडी... असा तो अवजड संसार फिरत राहिला.

१२ नोव्हेंबरला पोलीस पारेख वाडीत पोचले, ते प्रिंटर यांनी जागा दाखवल्यामुळे. आत उषा मेहता आणि झवेरी प्रसारण करत होते. 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती, ती त्यांनी थांबवली नाही. खटल्यात खाकर यांना पाच वर्षं, उषा मेहतांना चार, झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. उषा मेहता १९४६मध्ये सुटल्या, पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत राहिल्या. १९९८मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

प्रिंटर यांचं काय करायचं, हे मात्र कुणालाच धड ठरवता आलेलं नाही. हॅम मंडळी त्यांचं नाव अभिमानानं घेतात आणि नोव्हेंबरपाशी येऊन गप्प होतात. स्वातंत्र्यलढ्याच्या हकिगतींत ते एका ओळीत येतात, फितूर तंत्रज्ञ म्हणून. मला दोन्ही सोयीचं वाटतं. त्यांच्याशिवाय हा ट्रान्समीटर उभा राहिला नसता, आणि त्यांच्यामुळेच इतरांना तुरुंगात जावं लागलं. आपण हॅम लोकांनी त्यांची गोष्ट सांगायची तर बारा नोव्हेंबरसकट सांगावी.