कांगारूच्या शेपटीपासून ‘रामचंद्रन प्लॉट’पर्यंत : मद्रास विद्यापीठातल्या क्ष-किरण प्रयोगशाळेची गोष्ट

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली दर थोड्या वेळानं कोलॅजनची जाहिरात समोर येते. त्वचेसाठी पावडर, केसांसाठी गोळ्या, गुडघ्यांसाठी आणखी काहीतरी. त्यातलं खरं किती, हा वेगळा विषय. पण कोलॅजनचा रेणू नेमका कसा विणलेला असतो, या प्रश्नाचं योग्य दिशेनं जाणारं पहिलं उत्तर १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातल्या एका नव्याकोऱ्या प्रयोगशाळेतून आलं होतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

ही प्रयोगशाळा उभारली गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांनी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते आले होते विद्युत अभियांत्रिकी शिकायला. सी. व्ही. रामन यांनी त्यांना आपल्या भौतिकशास्त्र विभागात ओढून घेतलं. पुढे केंब्रिजहून डॉक्टरेट करून ते परतले आणि १९५२ मध्ये, रामन यांच्या शिफारशीवरून, मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाले. तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांचा पाठिंबा मिळाला आणि क्ष-किरणांची प्रयोगशाळा सुरू झाली.

क्ष-किरणांनी रेणू ‘दिसतो’ कसा?

खरं तर दिसत नाहीच. साध्या प्रकाशाच्या लहरी अणूंमधल्या अंतरापेक्षा हजारो पटींनी लांब असतात, त्यामुळे कितीही चांगली भिंगं वापरली तरी अणू वेगवेगळे दिसणं शक्य नसतं. क्ष-किरणांच्या लहरींची लांबी मात्र अणूंमधल्या अंतराएवढीच असते. स्फटिकात अणू रांगेत, शिस्तीत बसलेले असतात. त्यावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. या नक्षीवरून उलट गणित करत अणूंच्या जागा शोधायच्या, हे क्ष-किरण स्फटिकशास्त्राचं काम. मेख अशी की नक्षीत अर्धीच माहिती असते. ठिपका किती गडद आहे ते कळतं, पण लहरी एकमेकींच्या किती पुढे-मागे होत्या ते कळत नाही.

कोलॅजनच्या बाबतीत तर आणखी अडचण होती. ते स्फटिक नसून तंतू आहे. ठिपके थोडे, तेही पसरट.

कोलॅजनच का?

१९५२ मध्येच ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजनची आजवर सुचवलेली एकही रचना समाधानकारक नाही, असं त्यांच्या बोलण्यात आलं. त्यात लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गजाचाही प्रयत्न होता. रामचंद्रन यांनी नेमका तोच प्रश्न उचलला.

नमुना शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मद्रासमध्येच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, आणि चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजनच. तिथून त्यांना कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचं कोलॅजन मिळालं. सहकारी गोपीनाथ कार्था यांच्यासोबत त्यांनी त्याची क्ष-किरण छायाचित्रं घेतली.

कोलॅजनमध्ये जवळपास दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं. रामचंद्रन यांनी हा धागा पकडला. तीन साखळ्या एकत्र बांधल्या, तर आतल्या बाजूला जेमतेम एका हायड्रोजन अणूपुरती जागा उरते, आणि ग्लायसिनची बाजूची शाखा तेवढीच असते. १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांची रचना प्रसिद्ध झाली. १९५५ मध्ये त्यांनी ती सुधारली: तिन्ही साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवतीही वळलेल्या असतात. या नियमाचं महत्त्व पुढे आजारांतूनही दिसलं. जनुकातल्या बदलामुळे एखाद्या ग्लायसिनच्या जागी दुसरं, मोठं अमिनो आम्ल आलं, तर पीळ बिघडतो आणि हाडं ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार होऊ शकतो.

मग वाद कशाचा?

त्याच वर्षी अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक (होय, डीएनएवाले क्रिक) यांनी आपली रचना मांडली. तीन साखळ्या आणि त्यांचा पीळ त्यांनाही मान्य होता. आक्षेप तपशिलावर होता. मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, आणि साखळ्यांना बांधणारे हायड्रोजन बंध दर तीन अमिनो आम्लांमागे दोन नसून एकच असावा, असं त्यांचं म्हणणं. १९९४ मध्ये कोलॅजनसारख्या एका छोट्या रेणूचा स्फटिक तपासला गेला तेव्हा थेट बंध एकच निघाला. पाण्याच्या रेणूंमार्फत जोडणारे जास्तीचे दुवेही सापडले.

म्हणजे आक्षेपात तथ्य होतं. पण या गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग आक्षेपानंतरच सुरू होतो. ‘फार जवळ’ म्हणजे किती जवळ? रामचंद्रन यांनी हा प्रश्न मुळापासून घेतला. अनेक स्फटिकांच्या उपलब्ध रचना चाळून, कोणते दोन अणू किमान किती अंतरावर राहतात याचे आकडे जमवले.

प्रथिनाची साखळी म्हणजे कोपऱ्यात खिळ्यांनी जोडलेल्या चपट्या पट्ट्या समजा. पट्ट्या वाकत नाहीत, फक्त जोडाशी फिरतात. प्रत्येक जोडाला असे दोन कोन, फाय आणि साय. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासोबत रामचंद्रन यांनी या कोनांच्या जोड्या तपासल्या. बहुतेक जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात, म्हणून त्या बाद. एका आडव्या-उभ्या अक्षांच्या आलेखावर चालणाऱ्या जोड्यांची मोजकीच बेटं उरली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हाच ‘रामचंद्रन प्लॉट’.

रामचंद्रन यांनी १९७० मध्ये मद्रास सोडलं. नंतर बेंगळुरूला परतून त्यांनी रेणवीय जैवभौतिकीचा विभाग उभा केला. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, नोबेल मात्र मिळालं नाही. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. मद्रास विद्यापीठातला स्फटिकशास्त्र आणि जैवभौतिकीचा विभाग आजही गिंडी परिसरात आहे.

जगभरातले संशोधक प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत जमा करतात. प्रत्येक रचनेसोबत जो तपासणी अहवाल तयार होतो, त्यात किती कोन रामचंद्रन प्लॉटच्या बेटांबाहेर पडले, याचा आकडा असतो. तो मोठा दिसला की परीक्षक रचनेकडे संशयानं बघतात.