विद्यापीठाची नोकरी आणि नगरसेवकाची खुर्ची

विद्यापीठाच्या नोकराने नगरपालिकेची निवडणूक लढवावी का, हा प्रश्न निघाला की आपण लगेच नियमांची पुस्तके काढतो. मी जरा जुने पान काढतो.

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने सभासदांची संख्या ७२ ठरवली. ३६ वॉर्डांतून निवडायचे, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी निवडायचे, १६ सरकारने नेमायचे, २ व्यापाऱ्यांच्या चेंबरचे. उरलेले २ मुंबई विद्यापीठाच्या फेलोंनी निवडून द्यायचे! शहराच्या नळांविषयी आणि गटारांविषयी बोलायला कायद्यानेच विद्यापीठाला बोलावले होते.

अर्थात, हे फेलो विद्यापीठाचे पगारदार नव्हते. त्यांत न्यायाधीश होते, डॉक्टर होते, कॉलेजांचे प्राचार्यही होते. त्या काळचे विद्यापीठ परीक्षा घेई, पदव्या देई. शिकवणे कॉलेजांकडे होते. आणि सामान्य मुंबईकराला या दोन जागांशी काही कर्तव्य नव्हते. १९४८ साली प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली, तेव्हा तो थोरामोठ्यांचा हिशेब मागे पडला, हे बरेच झाले.

पगारदार शिक्षकाचे उदाहरण हवे तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचे घ्या. १८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. शिकवणे बुडाले, अशी त्यांची ख्याती नाही. पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद मात्र त्यांनी १९०२ साली कॉलेज सोडल्यावरच सांभाळले. मला यात अर्थ दिसतो. कायदेमंडळाची बैठक वर्षातून काही दिवस. नगरपालिकेचे काम रोजचे. नळ कोरडा पडला की माणूस सकाळीच दारात उभा!

पुढे सरकारला शिक्षकांचीच भीती वाटू लागली. १९०७ साली रिस्ले यांचे परिपत्रक निघाले आणि विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही राजकारणापासून दूर ठेवण्याचा खटाटोप सुरू झाला. इंग्रज गेले, तो संशय पुरता गेला नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकराला १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे निवडणुकीला उभे राहता येत नाही. विद्यापीठाचा नोकर सरकारी नोकर नव्हे, कारण विद्यापीठ ही कायद्याने स्थापन झालेली वेगळी संस्था. पण पगाराचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून येतो. वादाचे मूळ इथेच आहे. गंमत अशी की लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला कर्मचारी पुरवण्याची जबाबदारी कायद्याने विद्यापीठांवरही आहे. मतदाराच्या बोटाला शाई लावायला हा माणूस चालतो, त्याच मतदाराकडे मत मागायला तो उभा राहिला की आपल्याला शंका येते.

शंका अगदीच खोटी नाही. विद्यापीठाची घरपट्टी, पाणीपट्टी, त्याच्या इमारतींची परवानगी हे सगळे पालिकेपुढे येते. तिथे आपल्याच मालकाच्या बाजूने हात वर करणे बरे नव्हे. वर्गात बसलेली मुलेही उद्याचे मतदार, त्यांच्यापुढे प्रचार नको. म्हणून माझे मत असे की उभे राहू द्यावे. निवडून आल्यावर रोजच्या कामाचे पद मिळाले तर बिनपगारी रजा घ्यावी, आणि विद्यापीठाचा विषय निघाला की सभागृहाबाहेर बसावे.

आणि ही मुभा फक्त प्राध्यापकांना नको. ग्रंथालयातला शिपाई ज्या वस्तीत राहतो, तिथे पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे कुलगुरूंपेक्षा त्याला जास्त ठाऊक असते.