निवडणुकीचा निवाडा आणि हरलेल्याचें येजितखत

शिराळ्यास जुनीं माणसें 'बत्तीस शिराळा' म्हणतात. भोंवतालच्या बत्तीस गांवांचें हें मुख्य ठिकाण, म्हणून हें नांव पडलें, अशी परंपरा आहे. नागपंचमीमुळें आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एकामुळें तें महाराष्ट्रास परिचित आहे. आम्हांस मात्र येथें त्याचें स्मरण होतें तें निराळ्या कारणानें. गांव, गांवचा मान आणि त्या मानावरील तंटा यांचा विचार अशाच जुन्या ठाण्यापासून आरंभावा लागतो. आणि निवडणुकीचा वादग्रस्त निकाल कोणीं लावावा, हा आजचा प्रश्न मुळांत त्याच जातीचा आहे. न्यायालयांत फार विलंब होतो, म्हणून अशा वादांसाठीं खास आयोग नेमावा, ही सूचना वारंवार पुढें येते. ती कितपत ग्राह्य आहे, हें इतिहासास विचारून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मराठेशाहींत पाटीलकीचा किंवा देशमुखीचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसे. तींत हक्कदार, वतनदार आणि बलुतेदारही असत, व निर्णयाच्या महजरावर त्यांच्या साक्षी पडत. परंतु सभेनें तोंड उघडण्यापूर्वीं दोन्ही वाद्यांकडून राजीनामा घेत असत: सभा जें ठरवील तें आम्हांस मान्य आहे, असें ते लिहून देत. जमलेलें गोत प्रतिपक्षास अनुकूल आहे, असा संशय एखाद्यास आला, तर तो परथळ मागूं शके, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढें तंटा नेण्याची मागणी करूं शके. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्यास निवाडपत्र मिळे, हें सर्वांस ठाऊक आहे. पण हरणाऱ्याकडूनही एक कागद घेत असत, त्याकडे आमचें लक्ष सहसा जात नाहीं. त्या कागदाचें नांव येजितखत. 'मी खोटा झालों, पुढें या वतनाशीं माझा संबंध नाहीं,' अशा अर्थाची ती कबुली असे.

या पद्धतींत दोष पुष्कळ होते. साक्षीपुरावा तोकडा पडला म्हणजे दिव्याचा आश्रय करीत, आणि तापलेल्या लोखंडानें सत्य ठरत नाहीं, हें सांगावयास नको. तथापि तिच्या मुळाशीं असलेलें एक मर्म आम्हांस फार मोलाचें वाटतें. जिंकणाऱ्याचें समाधान करावयास निवाडा लागतच नाहीं. निवाड्याची खरी कसोटी हरणारा तो मानतो कीं नाहीं ही होय. आणि हरणाऱ्यानें मानावें अशी इच्छा असेल, तर न्याय कोणीं करावयाचा हें तंट्याचा रंग दिसण्यापूर्वींच ठरलेलें असावें लागतें.

इंग्लंडास हें समजावयास दीर्घ काळ लागला. तेथें सभासदाच्या निवडणुकीचा वाद पार्लमेंटची लोकसभा स्वतःच तोडीत असे, आणि बहुमताचा पक्ष आपल्याच माणसास न्याय देई. १७७० सालीं ग्रेनव्हिल यांच्या कायद्यानें अशा वादांसाठीं चिठ्ठ्या टाकून सभासदांच्या समित्या नेमण्याची रीत घातली. तिनें कांहीं सुधारणा झाली, पण न्याय करणारे अखेर पक्षांचेच सभासद राहिले. शेवटीं १८६८ सालीं हें काम न्यायाधीशांकडे सोंपविण्यांत आलें. राजकारणाचा चिखल आमच्या अंगावर उडेल, म्हणून न्यायाधीशांनीं त्यास विरोध केला होता. तरी पार्लमेंटनें तें त्यांच्याच गळ्यांत घातलें.

खास आयोगाचा प्रसिद्ध प्रयोग झाला तो अमेरिकेंत. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकींत टिल्डन यांस १८४ व हेस यांस १६५ निर्वाचक मतें निर्विवाद मिळालीं होतीं. २० मतें वादांत होतीं, आणि विजयास १८५ हवीं होतीं. टिल्डन यांस एकच मत पुरें होतें. हेस यांस विसांचीं वीस हवीं होतीं. यादवी युद्ध संपून पुरीं बारा वर्षेंही झालीं नव्हतीं. अशा वेळीं, जानेवारी १८७७ मध्यें, कांग्रेसनें कायदा करून पंधरा जणांचा आयोग नेमला: पांच सेनेटर, पांच प्रतिनिधि आणि सर्वोच्च न्यायालयाचे पांच न्यायाधीश. सात एका पक्षाचे, सात दुसऱ्याचे आणि पंधरावे निःपक्ष म्हणून ख्यात असलेले न्यायमूर्ति डेव्हिस, अशी कल्पना होती. पण इतक्यांत इलिनॉयच्या विधिमंडळानें डेव्हिस यांसच सेनेटवर निवडून दिलें आणि ते या कामांतून बाजूस झाले. त्यांच्या जागीं आलेले ब्रॅडले रिपब्लिकन पक्षाचे. मग प्रत्येक वादग्रस्त राज्याचा निर्णय आठ विरुद्ध सात असा झाला, विसांचीं वीस मतें हेस यांस मिळालीं, आणि १८५ विरुद्ध १८४ अशा मतांनीं ते अध्यक्ष झाले. रक्तपात टळला, हें आयोगाचें यश कोणीही नाकारूं नये. परंतु तंटा पेटल्यावर, तो कोणामध्यें आहे हें पाहून, माणसें मोजून घडविलेल्या या सभेस निःपक्षपाताची कीर्ति लाभली नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्याकडे निवडणुकींच्या चौकशीसाठीं कमिशनर नेमण्याची पद्धति १९२० च्या कायद्यापासून आहे. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें तीच दिशा धरली आणि निवडणूक-अर्जांसाठीं तीन सभासदांचीं न्यायाधिकरणें योजिलीं. म्हणजे ज्यास आज आपण खास आयोग म्हणतों, तो आपण एकदां करून पाहिला आहे. त्यापुढें आलेल्या पहिल्या अर्जदारांत खुद्द डॉ. आंबेडकर होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत मुंबई शहर उत्तर या दोन जागांच्या मतदारसंघांत राखीव जागेवर नारायण काजरोळकर यांनीं त्यांचा सुमारे १४,५०० मतांनीं पराभव केला. प्रत्येक मतदारास दोन मतें होतीं व तीं दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. तेथें ७४,००० हून अधिक मतें बाद ठरलीं. मतदारांनीं आपलें एक मत वाया घालवावें असा प्रचार झाला, या आरोपावर डॉ. आंबेडकर आणि अशोक मेहता यांनीं अर्ज केला. तो यशस्वी झाला नाहीं. ज्यांच्या अध्यक्षतेखालीं संविधानाचा मसुदा झाला, त्यांसच त्या संविधानाखालीं स्थापिलेल्या न्यायपीठापुढें हार पत्करावी लागली! तरी त्यांनीं निवडणुकीचा मार्ग सोडला नाहीं. १९५४ सालीं ते भंडाऱ्याहून पुन्हां लोकसभेसाठीं उभे राहिले. ती निवडणूकही ते हरले. परंतु पुन्हां मतदारापुढें जाणें हेंच आमच्या मतें लोकशाहींतील येजितखत होय.

१९६६ सालीं न्यायाधिकरणें रद्द झालीं आणि हे अर्ज थेट उच्च न्यायालयाकडे गेले. निकालानंतर ४५ दिवसांत अर्ज करावा आणि शक्य तों सहा महिन्यांत तो निकालांत निघावा, असें कायदा म्हणतो. व्यवहार मात्र निराळा आहे. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्यें झाली. मुंबई उच्च न्यायालयानें डॉ. रमेश प्रभू यांची निवड १९८९ सालीं रद्द केली. आणि सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयावर शिक्का मारला तो डिसेंबर १९९५ मध्यें. ज्या विधानसभेच्या जागेचा हा वाद, तिची मुदत १९९० सालींच संपली होती! घर जळून गेल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. खास आयोग मागणाऱ्यांची तक्रार म्हणूनच खोटी नाहीं, आणि ती हंसण्यावारी नेणें अन्यायाचें होईल.

परंतु दुसरी बाजू १९७५ सालानें दाखविली. १२ जून रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जगमोहनलाल सिन्हा यांनीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड रद्द ठरविली. अपील सर्वोच्च न्यायालयांत असतांनाच ऑगस्टमध्यें एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. तिनें पंतप्रधान व लोकसभेचे अध्यक्ष यांच्या निवडणुकींचे वाद न्यायालयांतून काढून, संसद् ठरवील त्या निराळ्या अधिकाऱ्याकडे किंवा मंडळाकडे सोंपविले. आणि चालू वाद तर निवड वैध आहे असें जाहीर करूनच मिटविला. सर्वोच्च न्यायालयानें ७ नोव्हेंबर रोजीं हें शेवटचें कलम घटनाबाह्य ठरविलें, मात्र गुणावगुणांवर निवड कायम केली; आणि दुरुस्तीनें घातलेलें उरलेलें प्रकरण १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें काढून टाकलें. 'खास' या शब्दाआड काय लपूं शकतें, हें या एका उदाहरणानें कळतें.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, प्रश्न आयोग कीं न्यायालय असा मुळीं नाहींच. १९५२ चें न्यायाधिकरण खास होतें, पण तें कायद्यानें आधींच योजिलेलें होतें. १८७७ चा आयोग भांडणांतून जन्मला, आणि १९७५ ची योजना एका भांडणासाठीं जन्मली. निवडणुकीच्या वादांसाठीं उच्च न्यायालयांतच कायमचीं स्वतंत्र खंडपीठें असावींत, निकाल व अपील या दोहोंसही बंधनकारक मुदत असावी, आणि त्या काळांत न्यायाधीशांस दुसरें काम नसावें, ही सुधारणा आम्ही आनंदानें मान्य करूं. मात्र अमुक एक निकाल वादांत पडला म्हणून त्यापुरता आयोग कोणीं नेमूं म्हटलें, तर तो नेमणारा कितीही सज्जन असो, त्यास नकारच दिला पाहिजे.

हा विचार मोठ्यांच्या निवडणुकींपुरताच आहे असें वाचकांनीं समजूं नये. ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत कित्येकदां चार-दोन मतांनीं जागा जाते. आणि दोन्ही उमेदवार एकाच आळींत राहतात, एकाच पाणवठ्यावर त्यांच्या घरचीं माणसें भेटतात. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणें हरलेल्यानें पंधरा दिवसांत त्या हद्दींतील दिवाणी न्यायाधीशाकडे जावें. हा न्यायाधीश गांवचा नव्हे, कोणत्याही पक्षाचा नव्हे, आणि या तंट्यासाठीं नेमलेलाही नव्हे. जुन्या माणसांनीं परथळ मागितलें तें याचसाठीं. बत्तीस शिराळ्याच्या मुलखांतला हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यास रामराम घालूं शकेल, असा निवाडा ज्या व्यवस्थेंतून मिळतो, तीच व्यवस्था लोकशाहीस तारील.