शिरढोणचा बंदिवान आणि त्याचे अधिकारी

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात समोर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. त्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव आहे. दरसाल मी माझ्या वर्गातली मुले तेथे घेऊन जातो. वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मघर त्यांना दाखवतो, पाच-दहा मिनिटे बोलतो, मुले हात जोडतात, मग डबे उघडतात. गेली वीस वर्षे हा क्रम चालू आहे आणि वीस वर्षे माझे भाषणही तेच आहे.

गेल्या खेपेस मात्र एका मुलीने मला मध्येच अडवले. ती म्हणाली, "गुरुजी, त्यांना कोंडून ठेवणारी माणसे कोण होती? त्यांना नावे नव्हती का?"

मी "इंग्रज सरकार" असे म्हणून वेळ मारून नेली. पण परतताना मनाला रुखरुख लागली. सरकार म्हणजे काही एक माणूस नव्हे. हुकूम कोणीतरी लिहितो, दुसरा त्यावर सही करतो, तिसरा बेडी ठोकतो, चौथा कुलूप लावतो. आपण कैद्याचे चरित्र पाठ करतो आणि कुलूप लावणाऱ्यांना अनामिक सोडून देतो. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही, माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तरी कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक खोड असते, की माणसांची नावे कळल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. दिवाळीच्या फराळाशी तुरुंगाची गोष्ट वाढतो आहे, याबद्दल वाचकांनी रागावू नये. वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, म्हणजे ऐन दिवाळीच्या आसपासचाच.

त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला आणि घराण्याचा अधिकार गेला. नातवाच्या हाती तलवारीऐवजी लेखणी आली. पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात वासुदेव बळवंत कारकून म्हणून लागले आणि तेथे त्यांनी बरीच वर्षे काढली. ज्या सरकारवर त्यांनी पुढे शस्त्र उचलले, त्याच सरकारचे हिशेब ते इमानाने लिहीत होते, ही गोष्ट आम्ही मुलांना सांगत नाही. ती सांगायला हवी.

याच नोकरीत असताना घरून आई आजारी असल्याचा निरोप आला. त्यांनी रजेचा अर्ज केला. रजा मिळण्यास विलंब लागला आणि आईची शेवटची भेट झाली नाही. ज्या टेबलावर तो अर्ज पडून राहिला, त्यामागच्या माणसाच्या मनात दुष्टावा होता असे नाही. कदाचित त्या दिवशी त्याच्यापुढे कागद फार असतील. परंतु एका मुलाच्या मनात जी ठिणगी पडली, ती त्या टेबलावर पडली.

पुढे दुष्काळ आला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन होरपळून निघाले. येथे आपल्याला पहिले मोठे नाव भेटते, ते सर रिचर्ड टेंपल यांचे. या गृहस्थाची कहाणी मोठी विचार करायला लावणारी आहे. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा हेच टेंपल बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने खर्च केला आणि भूकबळी फार थोडे पडू दिले. याबद्दल त्यांची पाठ थोपटली गेली काय? नाही. उधळ्या म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. टेंपलसाहेबांनी तो धडा नीट गिरवला. १८७७ च्या आरंभी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्यांना दुष्काळी मुलखाच्या पाहणीस धाडले, तेव्हा त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी उतरवून एक पौंड धान्य आणि एक आणा अशी ठरवली. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्याला एवढे! मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी याला कडक विरोध केला. आमच्याकडे मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी दिल्लीस मोठा दरबार भरला होता, हेही ध्यानात ठेवावे.

तेच टेंपल १८७७ साली मुंबईचे गव्हर्नर झाले. जो अधिकारी बिहारात माणसे जगवू शकला, तोच दख्खनेत वजनकाटा धरून बसला. माणूस तोच, हात तोच. बदलले होते ते एवढेच, की दयेबद्दल शिक्षा होते आणि काटकसरीबद्दल बढती मिळते, हे त्याला उमगले होते.

वासुदेव बळवंत गावोगाव हिंडून हा दुष्काळ डोळ्यांनी पाहत होते. पुण्यातल्या सुशिक्षितांकडून त्यांची निराशा झाली, तेव्हा ते रामोशी, कोळी, भिल्ल यांच्याकडे वळले. पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावले होते. १८७९ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ लोणीच्या बाजूला सुमारे दोनशे माणसे जमली आणि पहिला छापा शिरूर तालुक्यात धामारी गावी पडला. हाती पैसा थोडाच आला. मे महिन्यात त्यांचे उजवे हात दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि आमच्या पनवेलच्या उंबऱ्याशी, पळस्पे आणि चिखली येथे, मोठी लूट झाली. रक्कम दीड लाखाच्या घरात होती असे सांगतात. परतताना घाटमाथ्याच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या फौजेने गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडले. पळस्प्याच्या नाक्यावरून आज रात्रंदिवस मालमोटारी धावतात. तेथे उभे राहिले की मला दौलतरावांची आठवण होते.

मेजर हेन्री डॅनियल हे आपले दुसरे नाव. सरकारने वासुदेव बळवंतांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले, त्यांनी उलट गव्हर्नराच्या शिरावर बक्षीस लावले, आणि डॅनियल त्यांच्या मागावर महिनोन्‌महिने फिरत राहिला. दौलतराव गेल्यावर वासुदेव बळवंत दक्षिणेस श्रीशैल मल्लिकार्जुनाकडे गेले. तेथून पुन्हा जमवाजमव करीत पंढरपूरच्या रोखाने येत असता, कलादगी जिल्ह्यात देवर नावडगी येथे, १८७९ च्या जुलैत २० तारखेच्या रात्री ते सापडले. डॅनियलच्या जोडीला निजामाच्या पोलीसखात्याचा अधिकारी अब्दुल हक होता. हे तिसरे नाव. परक्यांच्या राज्यात आपल्याला धरणारे हात नेहमी परकेच असतात असे नाही, हे मुलांना कधीतरी सांगावे लागते.

पुण्यास संगमाच्या पुलाजवळ त्यांना कोंडले आणि खटला चालला. सरकारविरुद्ध युद्ध पुकारले आणि दरोडे घातले, असे आरोप होते. पुराव्यात सर्वांत भारी ठरले ते त्यांचेच लिखाण. ही त्यांची रोजनिशी आणि आत्मकथा होती. पंधरा वर्षे हिशेब लिहिलेल्या कारकुनाने बंडाचाही हिशेब लिहून ठेवला होता. काही दडवले नव्हते. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. त्या दिवसांत बंडखोराच्या बाजूने उभे राहणे म्हणजे आपल्या दारात पोलीस बोलावणे होते. ते धैर्य काकांनी दाखवले. नोव्हेंबरात जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८८० च्या जानेवारीत कैद्याला एडनला नेले. टेंपल त्याच वर्षी गव्हर्नरी सोडून पार्लमेंटची निवडणूक लढवण्यास विलायतेस गेले.

एडन म्हणजे समुद्रात घुसलेला रखरखीत खडक. तेव्हा त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले, म्हणून मुंबईचा कैदी तेथे धाडणे सरकारला सोपे होते. त्या तुरुंगातून त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून काढले आणि ते निसटले. पण अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा. थोड्याच वेळात पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला.

एवढे लिहून मी थांबलो असतो. पण मुलीच्या प्रश्नाने माझ्या घरातले एक जुने गाठोडे सोडले. माझे आजोबा १९४२ साली एका तुरुंगात कारकून होते. ही गोष्ट आमच्या घरात कोणी बोलत नसे. मी मास्तर झालो तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्या रात्री त्यांनी मला पडवीत जवळ बसवून घेतले.

चले जाव चळवळीतला एक तरुण त्यांच्या तुरुंगात होता. शनिवारी दुपारी त्याच्या नावाची तार आली, की आई अत्यवस्थ आहे. कैद्यांची पत्रे साहेबाने पाहिल्यावाचून द्यायची नाहीत असा नियम, आणि साहेब निघून गेले होते. त्यांचा बंगला हाकेच्या अंतरावर होता. आजोबांनी तार वजनाखाली ठेवली आणि ते घरी जेवायला गेले. सोमवारी ती साहेबापुढे गेली. तोवर दुसरी तार आली होती.

"त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते रे," आजोबा म्हणाले. "तो एवढेच म्हणाला, तुमची चूक नाही, कारकून. नियमच तसा आहे."

मग बराच वेळ ते गप्प होते. शेवटी म्हणाले, "नियम होता. पण बंगला जवळ होता."

मी माझ्या आजोबांना ओळखतो. ते मला खांद्यावर बसवून जत्रेला नेत, घरी आलेल्या भिकाऱ्याला रिकाम्या हाती परत पाठवीत नसत. टेंपलचा जुलूम मोठा आणि त्यांची चूक लहान, हे खरे. पण दोन्ही कागदावर झाल्या, आणि त्या करताना दोघांनाही समोरच्या माणसाचे तोंड दिसत नव्हते. वासुदेव बळवंतांचा रजेचा अर्ज ज्याच्या टेबलावर पडून होता, तो कारकूनही कोणाचा तरी आजोबा असेल.

गेल्या आठवड्यात मी फळ्यावर नावे लिहिली : सर रिचर्ड टेंपल, मेजर डॅनियल, अब्दुल हक. प्रत्येकाने काय केले ते सांगितले. खाली आणखी एक आकडा घालून ओळ रिकामी सोडली.

त्या मुलीने हात वर केला. "गुरुजी, चौथे कोण?"

"एक कारकून होता," मी म्हणालो, आणि मुलांना आजोबांची गोष्ट सांगितली. नावासकट सांगितली. घंटा झाली तरी कोणी उठले नाही. मग त्या मुलीने विचारले, "मग त्यांनी काय करायला हवे होते?"

मी काही बोलण्याच्या आत मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बंगल्यावर जायला हवे होते."