जोतीराव फुले यांच्यावरील थॉमस पेन यांचा प्रभाव

थॉमस पेन (१७३७–१८०९) हे युरोपीय प्रबोधनकाळातील राजकीय विचारवंत होते. त्यांचा 'राइट्स ऑफ मॅन' (१७९१–९२) हा ग्रंथ जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास वाचला. एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर केलेल्या टीकेला उत्तर म्हणून तो लिहिला गेला होता. मनुष्याचे हक्क जन्मसिद्ध असून शासनसंस्था त्यांच्या रक्षणासाठीच असते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन.

पेन यांचा रोख वंशपरंपरागत राजसत्तेवर होता. फुले यांनी तोच न्याय जन्माधिष्ठित जातिव्यवस्थेला लावला. त्यामुळे याला निव्वळ अनुकरण म्हणता येत नाही. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' (१८९१, मरणोत्तर) या ग्रंथात त्यांनी हक्कांचा धनी 'मनुष्य' असा मोघम न ठेवता स्त्री आणि पुरुष या दोघांचा स्पष्ट उल्लेख केला.

१८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हा विचार प्रत्यक्ष राज्यकारभाराला भिडतो. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमांतून येतो, मात्र शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांना मिळतो, असे फुले यांनी त्यात दाखवून दिले आणि किमान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.