पाण्याची ताणलेली पाठ

निवळी तळ्यावर पळते, बुडत नाही. पाण्याचे रेणू परस्परांना विलक्षण घट्ट धरतात. म्हणून त्याची पाठ ताणलेली असते, आणि वाफ करण्यास उष्णताही फार लागते. तरी उन्हाळ्यात आपली तळी आटतातच!

हा ताण जर्मनीतील आग्नेस पोकेल्सने स्वयंपाकघरात, पत्र्याच्या पन्हळीत मोजला. स्त्री म्हणून विद्यापीठाचे दार तिला बंद होते. लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली तिचे पत्र ‘नेचर’मध्ये छापविले, हे मोठेपण विरळाच. पाण्यावर स्निग्ध पदार्थाचा एका रेणूइतका पातळ थर पसरतो, हे पुढे उमगले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास असेच थर बाष्पीभवन रोखण्यासाठी अभ्यासले गेले. मात्र वारा तो थर काठाला लोटतो. आणि कोल्हापुरात वळिवाचा वारा नेमका त्याच दिवसांत सुटतो.